चौसष्ट नंबर कुणी दिला?

१

राजश्रीच्या प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत वर्गातल्या भारतचं नाव सापडलं आणि शिरूरच्या कॉलेजात शनिवारची सकाळ नासली. सरांनी तिला नक्कलखोर ठरवलं, सोमवारी दुपारी चारला प्राचार्यांपुढे हजर राहायचा कागद हातात दिला, आणि पोरगी मिळेल त्या एसटीनं दौंडला येऊन मामाच्या ओट्यावर बसली. ती रडली नाही, पण पायातल्या चपला काढायचंही तिला सुचलं नाही.

हा मामा म्हणजे म्हाळू रणपिसे. रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक निरीक्षक म्हणून. कुठं डबा घसरला, कुठं गाडी सिग्नल ओलांडून गेली, की हे जेवणाचा डबा घेऊन निघायचे आणि स्टेशनातली रजिस्टरं उकरत बसायचे. २००७ च्या त्या मार्चमध्ये त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी वस्तीत कुणाची गॅसची पावती हरवली तर चौकशी त्यांच्याच दारात यायची. कॉम्प्युटर मात्र त्यांनी फक्त रिझर्वेशनच्या खिडकीतून पाहिला होता, तोही पाठीमागून.

"मामा, मी चोरलं न्हाई," राजश्री म्हणाली.

"ते मी इचारलं का? आधी चपला काढ. मग पहिल्यापासनं सांग. मामाला यातलं ओ का ठो कळत न्हाई असं धरून सांग."

राजश्रीनं सांगितलं. यंदा महेंद्र सरांनी सीडीवर काम घ्यायचं बंद केलं होतं. लॅबमधल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक जोडीला एक कप्पा. काम झालं की आपल्या नावानं आणि पासवर्डानं ते त्या कप्प्यात चढवायचं, त्याला कमिट म्हणायचं. चढवताना काय केलं ते एका ओळीत लिहायचं. नाव, वेळ आणि क्रमांक मशीन आपोआप घालतं. नवं आलं तरी जुनं पुसलं जात नाही, खाली तसंच राहतं. बुधवारी पाचच्या आत जे शेवटचं चढेल तेच सबमिशन.

"म्हंजी ट्रेन रजिस्टर," मामा म्हणाले. "कोणची गाडी, कवा आली, कुणी घेतली. पुढं."

"एकेरी लाइनीवर समोरासमोर गाड्या आल्या तर कोणती कुठं थांबवायची, हा सगळ्या वर्गाला एकच प्रोजेक्ट. अवघड काय तर क्रॉसिंगचा भाग. माझी जोडी सृष्टीबरोबर. बुधवारी दोन अठ्ठावीसला मी क्रॉसिंग पूर्ण करून चढवलं, जर्नल दिलं आन् तीनच्या एसटीत बसले. आईची रात्रपाळी हुती, धाकट्याला बघायचं हुतं."

"बरं."

"चार एक्केचाळीसला माझ्या नावानं पुन्हा कमिट झालंय, मामा. माझी फाइल काढून तिच्या जागी दुसरी. वर लिवलंय, लेखक भारत पोपटराव. आन् चार पंचावन्नला तीच फाइल भारतच्या कप्प्यात. आतला मजकूर माझाच हाय, नुसती नावं बदलल्यात."

भारत म्हणतो, फाइल आठ दिवसांपासून भांडगावला त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती, पेन ड्राइव्हवर घालून आणली, तो लॅबमध्ये टेबलावर पडलेला असताना राजश्रीनं उचलली. सरांना ते पटलं. त्यांच्या मते दोन अठ्ठावीसला तिनं नाव काढून फाइल चढवली आणि नंतर घाईत मूळ फाइल नावासकट वर पडली. ती बसमध्ये असेल तर तिच्या सांगण्यावरून जोडीदारणीनं चढवली असेल. नक्कल म्हणजे शून्य, शून्य म्हणजे वर्ष गेलं. पुण्याच्या कंपनीनं कॉलेजातून चार जण निवडले होते, त्यात राजश्री होती. नापास झाली तर ते पत्र रद्द.

"आन् मामा, चार एक्केचाळीसच्या त्या नोंदीच्या ओळीशेवटी नंबर हाय. चौसष्ट."

म्हाळू रणपिसे ओट्यावरून उठले ते थेट खुंटीवरच्या टोपीकडे गेले. तो नंबर त्यांनीच पोरींना दिला होता.

२

त्याचं असं झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत राजश्री आणि सृष्टी दोघी दौंडला आल्या होत्या. एकाच कप्प्यात दोघी काम करायच्या आणि एकीनं चढवलेलं दुसरीच्या खाली गाडलं जायचं, त्यावरून रोज तोंड वाजायचं. मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, अगं, ही तर एकेरी लाइन हाय. एका वेळी एकच गाडी.

रेल्वेत गाडी सोडणारा मास्तर पुढच्या मास्तरला फोनवर विचारतो, लाइन मोकळी आहे का. मोकळी असेल तर पुढचा मास्तर आपल्या कागदावरचा एक आकडा सांगतो आणि लगेच खोडतो. विचारणारा तो आकडा आपल्या रजिस्टरात लिहितो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मागाहून कुणी म्हणालं की मी गाडी मागितलीच नव्हती, तर आकडा दाखवता येतो. मामांनी त्याच संध्याकाळी दोन कागद केले. एक ते शंभरमधले पन्नास आकडे उलटसुलट करून एकीला, उरलेले पन्नास दुसरीला. जिला काम चढवायचं तिनं विचारायचं, दुसरीनं नंबर द्यायचा. पाच महिने एकही भांडण झालं नाही.

"त्यामुळंच सर म्हणतायत की ह्यो नंबर तुम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक असणार," राजश्री म्हणाली. "मी तर बसमध्ये हुते. मग..."

"मग काय?"

"मी सरांपुढं बोलले, सृष्टीनंच केलं असंल. कंपनीच्या वेटिंग लिस्टवर पहिलं नाव तिचंच हाय. मी गेले की तिला जागा." राजश्री मान खाली घालून बसली होती. "तिनं माझ्याकडं बघितलं आन् निघून गेली."

मामांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली, कारण शनिवारी संध्याकाळी शिरूरला जाऊन काही हाती लागणार नव्हतं.

"राजे, तुला गेणबाचं सांगितलंय मी."

सांगितलं होतं. काष्टीच्या पुढं एका लहान स्टेशनावर गेणबा नावाचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस, होता. बाकी ठिकाणी क्रॉसिंगला चार मिनिटं लागत, त्याच्याकडे सात. एकदा त्यावरून मालगाडी रखडली, चौकशी म्हाळू रणपिसेंकडे आली, आणि त्यांनी रजिस्टर बघून लिहून टाकलं, कामात ढिलाई. गेणबाचं प्रमोशन गेलं. वर्षानं कळलं की त्याचा डावा पाय अधू होता आणि लांबच्या सांध्यापर्यंत तो चालत जायचा. रजिस्टरात रोजची सात मिनिटं लिहिलेली होती. सात का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. ते दुखणं मामांना अजून होतं, आणि ते कुणापासून लपवतही नसत.

"कागद सरळ वाचला आन् माणसाचा घात केला. तसं हितं होऊ द्यायचं न्हाई. ना तुझ्या बाबतीत, ना त्या पोरीच्या. तुझा नंबरांचा कागद कुठाय?"

"कंपासपेटीत ठेवायची मी कायम. बुधवारी सर म्हणाले सगळे कागद जर्नलला जोडा, म्हणून देता देता टाचणीनं मागं लावला. आता जर्नलं सरांच्या कपाटात, कुलपात."

"म्हंजी तो कागद जर्नलात हाय, हे कुणाला ठाव असंल?"

राजश्रीनं विचार केला. "कुणालाच न्हाई. मी लावला तवा काउंटरवर मी एकटीच हुते."

३

सोमवारी साडेनऊला म्हाळू रणपिसे शिरूरच्या डेपोत उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत जुनी रेक्झिनची पिशवी. बाजार समितीकडे जाणारे टेंपो चुकवत ते कॉलेजात पोचले, तेव्हा महेंद्र ओहोळ सर लॅबच्या दारातच भेटले.

तरुण, शिडशिडीत, न हसणारा माणूस. पाहुणे कोण ते कळल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पण आवाज मऊ केला नाही.

"काका, स्पष्ट बोलतो. राजश्री आमच्याच समाजातली, हुशार. म्हणूनच मला जास्त जपायला लागतं. उद्या कुणी म्हणायला नको की ओहोळ सरांनी आपली म्हणून सांभाळून घेतली."

"सांभाळून घेऊ नकाच," मामा म्हणाले. "मला फकस्त रजिस्टर दावा. आन् लोकांशी बोलू द्या."

सरांनी छापलेला कागद पुढे केला. मामांनी चष्मा चढवला आणि ओळींवरून बोट फिरवलं. क्रमांक, नाव, तारीख, वेळ, एक ओळ मजकूर. राजश्रीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा, सृष्टीच्याही. दोन अठ्ठावीसला राजश्री, क्रॉसिंग पूर्ण, सतरा. चार एक्केचाळीसला राजश्री, क्रॉसिंग पूर्ण नवीन, चौसष्ट. भारतला जोडीदार नव्हता, त्याच्या ओळींना आकडाही नव्हता, आणि बुधवारी चार पंचावन्नपर्यंत त्याच्या कप्प्यात क्रॉसिंगचं नावही नव्हतं.

"एकाच्या कप्प्यातलं दुसऱ्याला दिसतं का, सर?"

"वाचता सगळ्यांना येतं. चढवता मात्र ज्याचं त्यालाच येतं."

"आन् पासवर्ड?"

सर पहिल्यांदा जरा चाचरले. "ते भिमाजींना विचारा."

भिमाजी हे लॅबचे सहायक. कमरेला पट्टा बांधलेला, टेबलावर विड्यापानाचा डबा, आणि कॉलेजात प्राचार्यांनंतर आपलाच हुकूम चालतो अशी पक्की समजूत.

"पासवर्ड जर्नलाच्या पहिल्या पानावर लिवायचा, ह्यो माझाच कायदा," त्यांनी अभिमानानं सांगितलं. "पोरं इसरत्यात आन् माझ्या मागं लागत्यात. मग म्हटलं, लिवूनच ठिवा."

मामांनी डोळे मिटून घेतले. असा कायदा त्यांनी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता.

"बुधवारी जर्नलं कुणापाशी हुती?"

"तीनपर्यंत आलेली काउंटरवर. चार वाजता कंबर धरली माझी, वाकता येईना. भारतला म्हटलं, गठ्ठा सरांच्या टेबलावर नेऊन ठिव. गुणाचं पोरगं, लगी उचलला. गेला तो चहा पिऊनच आला जनू, अर्ध्या तासानं उगवला."

"आन् सृष्टीचं जर्नल?"

"तिनं पाचला आपल्या हातानं सरांना दिलं. शेवटपर्यंत हितंच बसून हुती."

"राजश्रीच्या ओळीच्या मागं आकडा असतोय, तो काय?"

"रोल नंबर असंल," भिमाजी म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "रोल नंबर न्हाई तो. आन् चौसष्ट नंबर मी दिलेला न्हाई." दारात सृष्टी उभी होती.

४

सृष्टीच्या घरी शिरूरच्या बाहेर शेवंतीचा मळा. पहाटे फुलं तोडून मग कॉलेजला यायचं, त्यामुळे बोटांची टोकं कायम हिरवट. मामांनी तिला बाहेर कट्ट्यावर बसवलं, आपणही शेजारी बसले.

"तू दिला न्हाईस, तर कुणी दिला?"

"मला काय ठाव. माझ्या कागदावर चौसष्ट हायच न्हाई. सरांना सांगितलं, तर म्हणाले, कागद तुमचाच, तुम्ही कवाबी बदलाल." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "मामा, पाच महिने तिनं मागितला तवा मी नंबर दिला आन् मी मागितला तवा तिनं. रात्री फोन करून दिलाय. आन् तिनं सगळ्यांपुढं माझं नाव घेतलं. मला ती नोकरी नको. तसली मिळालेली तर मुळीच नको."

"वेटिंगमधी पहिली तूच ना?"

"व्हय. म्हणून तर सगळ्यांना सोपं जातंय." तिनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "बुधवारी चार एक्केचाळीसला मी लॅबमधीच हुते, हे बी लिवून घ्या. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगते."

मामांनी लिहून घेतलं. संधी होती, लाभ होता, आणि बोलताना तोंड चुकवलं नव्हतं. पण तोंड न चुकवणारे खोटारडे त्यांनी चौदा वर्षांत बरेच बघितले होते. ते तेवढ्यावर थांबणार नव्हते.

भारत कँटीनमध्ये सापडला. उंच, नीटनेटका, वाकून नमस्कार करणारा. भांडगावच्या पोपटरावांचा एकुलता एक. घरी ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि गावातला पहिला कॉम्प्युटर याच्यासाठी आलेला. कंपनीच्या चौघांत त्याचंही नाव होतं.

"मामा, मला लई वाईट वाटतंय," तो म्हणाला. "मी सरांना म्हटलं बी, जाऊ द्या, पोरीचं वर्ष जाईल. पण सर ऐकंनात."

"मोठं मन हाय तुझं." मामांनी चहा मागवला. "मला म्हाताऱ्याला एक समजून सांग बाबा. राजश्रीच्या ओळीच्या मागं ते चौसष्ट कसलं?"

"त्यांचं रेल्वेचं कायतरी हाय. तिच्यापाशी आकड्यांचा कागद असतोय. एक आकडा वापरला की खोडायचा, मग त्याच्या खालचा घ्यायचा. म्हणून तर सर म्हणाले, दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई."

"अस्सं. कुठं ठेवती ती कागद?"

"जर्नलातच की. मागं टाचणीनं लावलेला असतोय."

मामांनी बशीत चहा ओतला आणि हळूहळू प्यायले. एवढी घाई असतानाही त्यांनी पूर्ण कप संपवला. मग उठले, भारतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चार वाजता तू बी ये बाळा. तुझी फाइल, तू पाहिजेसच."

५

प्राचार्या सीमा मॅडमच्या खोलीत चारला सगळे जमले. मॅडम टेबलामागे, बाजूला महेंद्र सर आणि त्यांच्या मांडीवर जर्नलांचा गठ्ठा. भिमाजी कमरेमुळे उभेच. राजश्री एका भिंतीला, सृष्टी समोरच्या भिंतीला, दोघींच्या मध्ये भारत.

"पंधरा मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "मला निर्णय लिहायचा आहे."

"पुरं," मामा म्हणाले. "सर, दोघींची जर्नलं उघडा. मागचे कागद काढा. अक्षर कुणाचं, बघा."

दोन्ही कागद टेबलावर आले. मामांनी खिशातलं पेन काढून कोऱ्या पानावर चार आकडे काढून दाखवले. तोच सात, तोच शेपूट काढलेला नऊ.

"दोन्ही कागद मी लिवलेत. दिवाळीत. एक आकडा दोन्हीकडं सापडायचा न्हाई. आता सर, सतरा कुणाच्या कागदावर?"

सरांनी शोधलं. "सृष्टीच्या. खोडलेला आहे. शेजारी वेळ, दोन सत्तावीस."

"राजश्रीनं दोन अठ्ठावीसला चढवलं. त्याच्या आधीचे राजश्रीचे आकडे बघा."

सर एकेक ओळ वाचत गेले आणि बोट सृष्टीच्या कागदावर फिरत राहिलं. सगळे तिथंच, सगळे खोडलेले. सृष्टीच्या ओळींचे आकडे राजश्रीच्या कागदावर.

"नंबर मागणारा लिवतो, देणारा दुसरा असतोय," मामा म्हणाले. "आपणच आपल्याला लाइन देऊन कसं चालंल? गाड्या टकरा घेतील. आता चौसष्ट हुडका."

सरांचं बोट थांबलं. "राजश्रीच्या कागदावर. खोडलेला नाही. शेवटच्या खोडलेल्या आकड्याच्या बरोबर खाली."

"म्हंजी राजश्रीच्या नावाच्या गाडीला राजश्रीच्याच कागदावरचा नंबर. पाच महिन्यांत असं एकदा बी झालं न्हाई. ही चूक ह्या दोघी झोपेत बी करणार न्हाईत."

महेंद्र सर वकिलासारखे पुढे झुकले. "सृष्टीनं मुद्दाम केली असेल तर?"

"तिला मैत्रिणीला गुतवायचं हुतं, तर सच्चा नंबर तिच्या हातात हुता. आपल्याच कागदावरचा पुढचा लिवला असता आन् मग मी बी काय करू शकलो नसतो. खोटा कशाला लिवंल? आन् राजश्रीचा कागद तीननंतर राजश्रीपाशी बी नव्हताच, जर्नलात टाचलेला हुता. त्याच्या आधी कायम कंपासपेटीत. म्हंजी हे ज्यानं केलं त्यानं बुधवारी तीननंतर राजश्रीचं जर्नल उघडलं. पहिल्या पानावर पासवर्ड घावला, भिमाजींच्या कृपेनं. मागच्या पानावर कागद घावला. न खोडलेला पहिला आकडा उचलला आन् समजला, झालं काम. नंबर कसा चालतो ते त्याला ठाव नव्हतं."

भिमाजींनी कंबर विसरून भिंतीचा आधार सोडला.

"आज मी तिघांना इचारलं, आकडा कसला. भिमाजी म्हणाले रोल नंबर. सृष्टी म्हणाली, माझ्या कागदावर न्हाई, म्हंजी माझ्याच कागदावर असायला पायजे हुता. आन् एकानं सांगितलं, राजश्रीचा आकडा राजश्रीच्याच कागदावरचा, आन् कागद जर्नलाच्या मागं टाचलेला." मामा भारतकडे वळले. "कपाटाला तर बुधवारी पाचपासनं कुलूप हाय. तू टाचणी कवा बघितलीस, बाळा?"

भारतचा चेहरा उतरला, पण तो सावरला. "गठ्ठा नेताना पडला असंल, दिसला असंल. म्हणून काय मी चोर? फाइल माझी हाय. आठ दिवस घरच्या कॉम्प्युटरवर हुती. आई शपथ."

"तुझी हाय तर मग सोपंच हाय," मामा म्हणाले आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. "सर, ह्याच्या फाइलीत क्रॉसिंगला मिनिटं किती धरल्यात?"

सरांनी छापील पान उलटलं. "चार. प्रत्येक स्टेशनला चार." मग कपाळाला आठी घातली. "नाही. तिसऱ्या स्टेशनला सात."

"प्रोजेक्टच्या कागदात तुम्ही सात दिलेलं?"

"मी सगळ्यांना चारच दिलं होतं."

"भारत," मामा म्हणाले, "तिसऱ्या स्टेशनला सात का?"

६

भारतनं पानाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. "ते... टेस्टिंगला घातलं असंल."

"राजश्री?"

राजश्री भिंतीपासून पुढे आली. "तिथं गेणबा म्हणून पॉइंट्समन हुते. त्यांचा पाय अधू हुता. लांबच्या सांध्यापर्यंत चालत जायला त्यांना तीन मिनिटं जास्त लागायची. मामा सांगायचे. सरांनी चारच दिलेली, पण मला ती सात ठेवावीशी वाटली." ती सरांकडे वळली. "दोन अठ्ठावीसच्या फाइलीत बी हायत, बघा."

सरांनी बघितलं. होती.

मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पोरीनं गेणबाला प्रोग्राममध्ये ठेवलंय हे त्यांना माहीत नव्हतं. फाइलीत काहीतरी तिचं स्वतःचं असेल एवढ्याच अंदाजावर त्यांनी मिनिटं विचारली होती, आणि समोर आला तो गेणबा.

भारत खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. त्याला क्रॉसिंग शेवटपर्यंत जमलं नव्हतं. तीन वाजता राजश्रीच्या कप्प्यातलं बघितलं, उतरवून घेतलं, नावं बदलली. मग लक्षात आलं की तिचं आधीचं आहे, सर तपासतील तेव्हा नक्कल त्याची ठरेल. तेवढ्यात भिमाजींनी गठ्ठा हातात दिला. "घरी सगळ्यांना सांगून झालंय, पुण्याला नोकरी लागली म्हणून," तो म्हणाला. "आबांनी गावजेवण ठरवलंय. नापास झालो असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"ते तोंड तुलाच शोधावं लागेल," सीमा मॅडम म्हणाल्या आणि पुढ्यातला कागद फाडून दुसरा घेतला. राजश्रीवरचा आरोप रद्द, तिचं दोन अठ्ठावीसचं काम हेच सबमिशन. भारतला शून्य, कंपनीला पत्र, आणि वडिलांना बोलावणं. भिमाजींच्या कायद्यावर एक स्वतंत्र परिच्छेद.

महेंद्र सर राजश्रीसमोर उभे राहिले. त्यांना अवघड जात होतं, ते दिसत होतं. "मी जपायला गेलो आणि तुला इतरांपेक्षा कमी ऐकून घेतलं. चुकलं माझं." मग मामांना म्हणाले, "ती चार एक्केचाळीसची नोंद मी काढून टाकतो. सर्व्हर माझ्याच हातात आहे."

"काढू नका," मामा म्हणाले. "रजिस्टरात खोडाखोड नसती. खोटं तसंच राहू द्या, त्याच्या खाली खरं लिवा. उद्या कुणी बघितलं तर त्याला इचारता आलं पायजे, ह्ये असं का."

सगळे लॅबमध्ये आले. राजश्री आपल्या नेहमीच्या मशीनवर बसली. जुनी फाइल परत काढली, जागेवर ठेवली. ओळीत लिहिलं, दोन अठ्ठावीसचं काम परत आणलं. आणि तिचे हात थांबले.

शेवटी आकडा लागत होता.

सृष्टी दाराशी पिशवी खांद्याला लावून उभी होती. जायला निघालेली, पण गेलेली नव्हती. राजश्री उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी लई वाईट बोलले तुला. पाच महिने तू नंबर दिलास आन् मी एका मिनिटात तुझं नाव घेतलं. मला माफ कर म्हणायला बी लाज वाटती."

मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चौदा वर्षांत त्यांनी पुष्कळ चौकश्या मिटवल्या होत्या, पण ही मिटवणं त्यांच्या हातात नव्हतं.

राजश्री परत खुर्चीवर बसली. पडद्याकडे बघत, स्टेशन मास्तर फोनवर विचारतो तसं तिनं विचारलं, "लाइन मोकळी हाय का?"

बराच वेळ गेला. मग पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. सरांच्या हातातल्या जर्नलातून सृष्टीनं आपला कागद काढला, पेन उघडलं, सतराच्या खालच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शेजारी वेळ लिहिली.

"मोकळी हाय," ती म्हणाली. "घे. तीन, आठ. अडतीस."